औषध थोडे, रोगी फार



औषध थोडे आणि रोगी फार अशी वेळ आली म्हणजे ते औषध कोणाला द्यावे, हा प्रश्न वैद्यकाइतकाच जुना आहे. या प्रश्नाचे जे चित्र आपल्या मनासमोर सहज उभे राहते ते रुग्णालयातले असते. खाट एक, रोगी दोन, आणि मधे उभा असलेला डॉक्टर. २०२१ च्या उन्हाळ्यात प्राणवायूच्या एकेका खाटेसाठी ज्यांनी धावाधाव केली, त्यांना हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु वाटपाचा दुसराही एक प्रकार आहे, आणि त्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. त्यात डॉक्टर आणि रोगी समोरासमोर येत नाहीत, कोणी कोणाला तोंडावर 'नाही' म्हणत नाही. गावांची यादी होते, त्या यादीचे भाग पाडले जातात आणि एका भागाच्या वाट्याला काही येत नाही. पुढे काही वर्षांनी त्या भागात मृत्यू होतात, आणि ते दैवाच्या नावावर जमा होतात.

असे एक वाटप आपल्या धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, १९९९ साली सुरू झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कोणत्या पद्धतीने करावी हे ठरविण्यासाठी झालेला तो प्रयोग होता. त्याचे नाव वैद्यकाच्या जगात सर्वत्र घेतले जाते. त्यावर कडक टीका झाली, आणि तिला उत्तरेही दिली गेली. ती हकीकत आज क्रमाने सांगावी आणि तीतून टंचाईच्या न्यायाविषयी काय निष्पन्न होते ते पाहावे, असा माझा विचार आहे.

१. जुने दाखले

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. यांतला एक पाय लंगडा असला तरी चिकित्सा उभी राहत नाही. त्याच ग्रंथात रोगांचे साध्य आणि असाध्य असे भेद करून असाध्य रोग वैद्याने हाती घेऊ नये, असा स्पष्ट उपदेश आहे. हा उपदेश आज कठोर वाटतो. परंतु तेथे विचार एकाच रोग्याचा आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. हा बरा होईल की नाही, एवढेच वैद्याने पाहावयाचे. दोघेही बरे होण्याजोगे असताना आधी कोणाला हात लावावा, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

तो प्रश्न उद्भवला रणांगणावर. नेपोलियनच्या सैन्यातील शस्त्रवैद्य लारे याने असा नियम घातला की, जखमीचा हुद्दा पाहावयाचा नाही, जखम पाहावयाची. सरदार असो की शिपाई, ज्याची जखम अधिक गंभीर त्याला आधी मेजावर घ्यावयाचे. आज आपल्याला यात नवल वाटत नाही, पण ज्या काळी सरदारासाठी शिपायाने खोळंबून राहणे हाच शिरस्ता होता, त्या काळी हा मोठाच बदल होता. वाटप नियमाने व्हावे आणि नियम माणसाची पत पाहणारा नसावा, हे तत्त्व तेथून रुजू लागले.

दुसरा दाखला इंग्लंडमधला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध निघाले. ते अमेरिकेत तयार होई आणि कर्जबाजारी इंग्लंडजवळ डॉलर नव्हते. आलेला साठा सगळ्या रोग्यांना पुरणे शक्यच नव्हते. तेव्हा तेथील वैद्यकीय संशोधन परिषदेने असे ठरविले की, नाही तरी सर्वांना देता येत नाही, तर कोणाला द्यावे हे चिठ्ठ्यांनी ठरवू आणि त्यातूनच औषधाची परीक्षा करू. १०७ रोगी घेतले. ५५ जणांना औषध मिळाले, ५२ जणांना केवळ अंथरुणावरची विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ जण मरण पावले, दुसऱ्यात १४. हा निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाला आणि वैद्यकाची परीक्षापद्धतीच त्याने बदलून टाकली. ज्यांना औषध मिळाले नाही त्यांना आपण एका प्रयोगात आहोत हे सांगितलेले नव्हते, ही गोष्टही येथेच नोंदवून ठेवतो. टंचाई खरी असल्यामुळे चिठ्ठी अन्यायाची ठरली नाही. मात्र चिठ्ठी टाकली हे लपविण्याचे कारण टंचाईत नव्हते.

तिसरा दाखला अमेरिकेतील सिएटल शहराचा. मूत्रपिंड निकामी झालेल्या रोग्याला यंत्राच्या साहाय्याने वर्षानुवर्षे जगविता येईल अशी युक्ती डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी १९६० साली काढली. यंत्रे थोडी, रोगी फार. १९६२ साली तेथे नागरिकांची एक सात जणांची समिती नेमण्यात आली. यंत्रावर कोणाला घ्यावे हे ती ठरवी. रोग्याचे वय, संसार, मुले, मिळकत, चर्चमधील वावर असल्या गोष्टी तीत तोलल्या जात. ही बातमी त्या वर्षी एका मोठ्या साप्ताहिकात छापून आली तेव्हा देशभर खळबळ उडाली. सात शेजाऱ्यांनी आठव्याच्या जगण्याची लायकी ठरवावी हे लोकांना सोसले नाही. पण या कथेचा शेवट सहसा कोणी सांगत नाही. १९७२ साली अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून या रोग्यांचा खर्च सरकारी विम्यावर घातला, आणि पुढे समितीची गरजच उरली नाही. दहा वर्षे जी टंचाई अटळ म्हणून समजली गेली, ती एका कायद्याने दूर झाली. मग ती अटळ होती असे कसे म्हणावे?

हे तीन दाखले मनात ठेवून आपण आता आपल्या मुलखात येऊ.

२. बार्शी आणि शिवेपलीकडची गावे

भूम आणि परंडा या तालुक्यांतील माणसाला धाराशिवपेक्षा बार्शीची वाट अधिक सवयीची आहे. बाजार बार्शीचा, कापड बार्शीचे आणि दवाखानाही बार्शीचा. १९४८ पर्यंत मधे निजामाची हद्द होती, करोडगिरीची नाकी होती, आणि १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत बार्शी मुंबई राज्यात तर उस्मानाबाद हैदराबाद राज्यात, अशी वाटणी होती. राज्ये वेगळी असली तरी रोग्याने हद्द मानली नाही. कुर्डुवाडीहून बार्शीला १८९७ साली आलेली अरुंद रेल्वे पुढे येडशीवरून १९११ साली लातूरपर्यंत गेली, तेव्हा तर हा संबंध आणखीच दृढ झाला.

या बार्शीत १९८२ साली नर्गिस दत्त यांच्या नावाने कर्करोगाचे रुग्णालय उभे राहिले. मोठ्या शहराबाहेर, शेतकऱ्यांच्या मुलखात असले रुग्णालय काढणे हे धाडसच होते. डॉ. बी. एम. नेने हे त्याचे प्रमुख. १९८७ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाशी संबंधित अशा डॉ. कस्तुरी जयंत यांच्या पुढाकाराने तेथे ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, भूम आणि परंडा हे तीन तालुके तिच्या कक्षेत आले. खेड्यांसाठी अशी नोंदणी भारतात त्यापूर्वी झालेली नव्हती. शहरात रुग्णालयाची कागदपत्रे तपासली की नोंदणी होते. खेड्यात तसे होत नाही, कारण पुष्कळ रोगी रुग्णालयाचे तोंडही न पाहता घरीच मरतात. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, घरोघर विचारपूस करू लागले, आणि जाता जाता रोगाची लक्षणेही लोकांना सांगू लागले.

नोंदणीतून दिसले ते असे. या भागातील स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अग्रभागी होता. गावात त्याला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात, किंवा त्याचे नावच घेत नाहीत. अंगावरून पांढरे जाते, अवेळी रक्त दिसते, पण ते घरात सांगावयाचे कोणाला? सासूला सांगावे तर लाज, नवऱ्याला सांगावे तर भीती. स्त्री रुग्णालयात येई तेव्हा रोग बहुधा हाताबाहेर गेलेला असे. मात्र नोंदणीच्या लोकांनी काही वर्षे गावोगाव बोलण्याचे काम केल्यावर रोगी स्त्रिया अलीकडच्या टप्प्यात येऊ लागल्या, असे १९९५ साली डॉ. जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. कोणतेही नवे औषध नव्हते, यंत्र नव्हते. केवळ कोणी तरी येऊन स्पष्ट बोलले, एवढ्यानेही फरक पडला.

३. प्रयोग

हा रोग एकाएकी होत नाही. ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूचा संसर्ग दीर्घकाळ राहिला म्हणजे पेशी बिघडू लागतात आणि त्या बिघाडाचा कर्करोग होण्यास बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. एवढा अवधी शत्रू आपल्याला क्वचितच देतो. या विषाणूचा एक मुख्य प्रकार १९८३ साली हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी शोधून काढला, आणि त्याबद्दल त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तपासणीच्या तीन पद्धती होत्या. पहिली पॅपची. गर्भाशयमुखावरील पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाच्या. पाश्चात्त्य देशांत ती १९४० नंतर पसरली आणि तेथील मृत्यू पुष्कळ घटले. पण तिला प्रयोगशाळा हवी, काच वाचणारा तज्ज्ञ हवा, आणि काही वर्षांनी ती पुनःपुन्हा करावी लागते. दुसरी पद्धत अगदी स्वस्तातली. ॲसेटिक आम्लाचे, म्हणजे शिरक्यातील आम्लाचे, पातळ द्रावण लावावयाचे आणि पांढरा डाग उठतो का ते डोळ्यांनी पाहावयाचे. शिकविलेली नर्सही ती करू शकते. तिसरी पद्धत विषाणूच शोधण्याची. ती अचूक, पण महाग. भारताच्या खेड्यात, जेथे स्त्रीची जन्मात एकदा तपासणी झाली तरी पुष्कळ, तेथे या तिहींपैकी कोणती पद्धत मृत्यू टाळते, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

ते ठरविण्यासाठी बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ऑक्टोबर १९९९ मध्ये प्रयोग सुरू केला. डॉ. नेने, डॉ. जयंत, डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि लिऑनचे डॉ. आर. शंकरनारायणन ही त्यातली प्रमुख नावे. पैसा मुख्यतः अमेरिकेतील गेट्स प्रतिष्ठानाचा होता. जिल्ह्यातील गावांचे ५२ समूह करण्यात आले, आणि कोणता समूह कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठीच्या न्यायाने ठरले. ३० ते ५९ वयाच्या, निरोगी अशा १,३१,७४६ स्त्रिया त्यांत आल्या. ३४,१२६ स्त्रियांच्या गटाला विषाणूची तपासणी, ३२,०५८ स्त्रियांच्या गटाला पॅपची, ३४,०७४ स्त्रियांच्या गटाला शिरक्याची. उरलेल्या ३१,४८८ स्त्रिया नियंत्रण गटात. त्यांना रोगाची माहिती दिली, रुग्णालयात तपासणी कशी करून घेता येते तेही सांगितले, पण प्रयोगातर्फे तपासणी केली नाही.

बाकीच्या गावांत नर्सबाई घरोघर गेल्या. बाह्यतः काही दुखत नसताना असली तपासणी करून घ्यावयास खेड्यातील स्त्री तयार होईल का, अशी शंका कोणालाही यावी. परंतु बोलावलेल्या दर पाच स्त्रियांपैकी सुमारे चार जणी आल्या. जिल्ह्यातील स्त्रिया अडाणी आणि भित्र्या आहेत म्हणून आरोग्याच्या योजना फसतात, असे जे म्हटले जाते त्याला हे परस्पर उत्तर आहे. ज्यांच्यात दोष आढळला त्यांच्यावर उपचार झाले. नंतर चारही गटांवर एकूण आठ वर्षे लक्ष ठेवण्यात आले.

निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. विषाणूची तपासणी झालेल्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले. नियंत्रण गटात ६४. पुढच्या टप्प्यातील रोग पहिल्या गटात ३९ स्त्रियांना, नियंत्रण गटात ८२ स्त्रियांना. म्हणजे जन्मात एकदा झालेल्या एका तपासणीने मृत्यू निम्म्यावर आले. पॅपच्या आणि शिरक्याच्या गटांत मात्र लक्षणीय घट दिसली नाही. ज्या पद्धतीवर पाश्चात्त्य देशांनी अर्धशतक भिस्त ठेवली होती, ती येथे एकाच फेरीत तोकडी पडली.

जगातील मार्गदर्शक ग्रंथांनी हा पुरावा उचलला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली विषाणूची तपासणी हीच पहिली पद्धत असावी अशी शिफारस केली, तिच्या मुळाशी जे पुरावे आहेत त्यांत धाराशिवच्या स्त्रियांचा हा पुरावा ठळक आहे.

४. आक्षेप

आता दुसरी बाजू. ३१,४८८ स्त्रियांना तपासणी न देता आठ वर्षे त्यांच्यातील मृत्यू मोजणे न्यायाचे होते काय?

हा प्रश्न त्या काळी हवेतच होता. गरोदर मातेकडून बाळाला एड्सचा संसर्ग होऊ नये म्हणून द्यावयाचे औषध १९९४ साली सिद्ध झाले होते. तरीही आफ्रिकेत आणि इतरत्र त्याच्या स्वस्त मात्रेच्या चाचण्यांत काही मातांना केवळ निरुपयोगी गोळी देण्यात आली, आणि १९९७ साली त्यावर मोठा वाद माजला. श्रीमंत देशात जे करू धजणार नाही ते गरीब देशात का करावे, असा तो वाद होता. २००० साली हेलसिंकी जाहीरनाम्यात सुधारणा झाली आणि नव्या उपायाची तुलना उपलब्ध असलेल्या उत्तम उपायाशी करावी, हे कलम त्यात घट्ट करण्यात आले.

आपल्याकडे उस्मानाबाद, मुंबई आणि तमिळनाडूतील दिंडिगल अशा तीन ठिकाणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचण्या झाल्या, आणि तिन्हींत तपासणी न झालेला गट होता. अमेरिकेतील डॉ. एरिक सूबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली वैद्यकीय नीतिमत्तेच्या भारतीय नियतकालिकातून आक्षेप घेतला की, या तीन गटांतील मिळून १,३८,६२४ स्त्रियांपैकी २५४ जणी या रोगाने मरण पावल्या. तपासणीने मृत्यू टळतात हे पॅपच्या अनुभवाने आधीच सिद्ध असताना हा गट ठेवण्याचे कारण काय? आणि तपासणीचा उपाय अस्तित्वात आहे हे या स्त्रियांना पुरेसे स्पष्ट सांगून त्यांची संमती घेतली होती काय?

प्रयोगकर्त्यांचे उत्तर थोडक्यात असे. भारतात तपासणीचा सरकारी कार्यक्रमच नव्हता. नियंत्रण गटातील स्त्रीला जे मिळाले नाही ते जिल्ह्यातील, किंबहुना देशातील, कोणत्याच खेडुत स्त्रीला मिळत नव्हते. त्यांच्यापासून काही हिरावून घेतले गेले नाही. शिवाय पाश्चात्त्य देशांत वारंवार होणाऱ्या पॅप तपासणीचा अनुभव जन्मात एकदाच होणाऱ्या तपासणीला लागू पडतो असे धरून चालता येत नव्हते. पॅपच्या गटात मृत्यू लक्षणीय घटले नाहीत, हा निष्कर्ष या उत्तराला बळकटी देतो.

दोन्ही बाजूंचे म्हणणे प्रामाणिक आहे असे मी मानतो. पण दोन्ही बाजू 'नव्हते' या एकाच शब्दावर उभ्या आहेत, आणि तो शब्द कोणी तपासून पाहिलेला दिसत नाही. तपासणी नव्हती. ती का नव्हती?

५. टंचाई कोणाची?

मला टंचाईचे तीन प्रकार दिसतात. पहिली वस्तूची टंचाई. स्ट्रेप्टोमायसिनची कुपीच नव्हती, तेव्हा चिठ्ठी हाच सर्वांत निर्मळ न्याय होता. दुसरी ज्ञानाची टंचाई. कोणता उपाय उपयोगी हेच ठाऊक नसते, आणि ते ठरेपर्यंत कोणाला तरी थांबावे लागते. धाराशिवचा प्रयोग या दुसऱ्या प्रकारात बसतो, आणि म्हणून त्याला सरसकट दोष देणे मला जमत नाही. मात्र ज्ञानासाठी ज्यांना थांबविले त्यांना आपण का थांबलो हे कळले पाहिजे, आणि ज्ञान हाती आल्यावर पहिला हक्क त्यांचा मानला पाहिजे. या दोन अटी पाळल्याखेरीज असा प्रयोग न्यायाचा होत नाही. स्ट्रेप्टोमायसिन न मिळालेल्या ५२ रोग्यांच्या बाबतीत पहिली अट पाळली गेली नव्हती. पन्नास वर्षांनंतर तीच चर्चा करावी लागावी, ही वैद्यकाला भूषणावह गोष्ट नव्हे.

तिसरी टंचाई इच्छेची. सिएटलमध्ये कायदा होताच नाहीशी झाली ती ही टंचाई. तिची खूण अशी की, वस्तू असते, ज्ञानही असते, तरी वाट्याला काही येत नाही.

२००९ नंतर आपण या तिसऱ्या प्रकारात आलो. 'ठाऊक नव्हते' हे उत्तर त्या वर्षी संपले. केंद्र सरकारने २०१६ साली ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. पद्धत शिरक्याची निवडली. मुंबई आणि दिंडिगल येथे त्या पद्धतीने मृत्यू अनुक्रमे ३१ आणि ३५ टक्क्यांनी घटले होते, त्यामुळे ही निवड निराधार नव्हती, जरी धाराशिवचा पुरावा तिच्या बाजूचा नव्हता. पण पद्धतीचा वाद बाजूला ठेवा. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ज्यांची जन्मात एकदा तरी अशी तपासणी झाली आहे त्यांचे प्रमाण किती निघाले? १.९ टक्के. उरलेल्या ९८ टक्के स्त्रिया नियंत्रण गटातच राहिल्या. तेथे चिठ्ठी पडली नाही, संमती विचारली गेली नाही आणि मोजणारेही कोणी नव्हते. धाराशिवच्या ३१,४८८ स्त्रियांबद्दल ज्यांना राग येतो त्यांनी तो राग तेथेच थांबवू नये.

६. दिसणारे मरण

इच्छेची ही टंचाई का राहते? आपण माणसे निर्दय आहोत म्हणून नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनानंतरच्या रात्री, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. आजच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर, माकणी ही गावे जमीनदोस्त झाली. तेव्हा महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून डॉक्टर आले, औषधे आली, रक्त आले. त्या दिवसांत कोणी खर्चाचा हिशेब मागितला नाही, आणि मागू नये हेच योग्य होते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने भारतात दरवर्षी ७५ हजारांहून अधिक स्त्रिया मरतात. किल्लारीच्या भूकंपात गेलेल्या माणसांच्या नऊ-दहापट, आणि दरवर्षी. परंतु त्या एका पहाटे मरत नाहीत. एक परंड्याच्या वाडीवर मरते, एक उमरग्याच्या तांड्यावर, एक कळंबच्या गल्लीत. ढिगारा दिसत नाही, म्हणून मदतीची गाडी निघत नाही. वाचलेली स्त्रीही दिसत नाही. ढिगाऱ्यातून काढलेले मूल आपण डोळ्यांनी पाहतो. तपासणीने जी वाचली तिला आपण वाचलो हे कधीच कळत नाही, आणि तिच्यासाठी कोणी नर्सबाईला नारळ देत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात यंत्राला पैसे लवकर मिळतात आणि तपासणीला उशिरा, याचे एक मोठे कारण हे आहे.

या न दिसणाऱ्या स्त्रीला दिसती करण्याचे काम धाराशिवच्या आकड्यांनी केले आहे. साधी त्रैराशिकाची रीत लावून पाहा. नियंत्रण गटाच्या प्रमाणात विषाणू-तपासणीच्या ३४,१२६ स्त्रियांत सुमारे ६९ मृत्यू व्हावयास हवे होते. झाले ३४. म्हणजे ३५ स्त्रिया वाचल्या. दर हजार स्त्रियांमागे सुमारे एक, आणि तीही आठ वर्षांत, एकाच तपासणीने. पाच-सहा हजार वस्तीच्या गावात या वयाच्या स्त्रिया हजाराच्या आसपास असतात. तेव्हा हिशेब असा की, मोठ्या गावामागे एक स्त्री. ती कोण हे आधी सांगता येत नाही. पण ती आहे एवढे निश्चित आहे.

७. ऋण

या कथेत आणखी एक प्रकरण बार्शीचेच आहे. विषाणूवरची लस निघाल्यानंतर तीन मात्रांऐवजी दोन मात्रा पुरतील का, हे पाहण्यासाठी २००९ साली भारतात अनेक केंद्रांवर एक चाचणी सुरू झाली. बार्शी हे त्यांतले एक केंद्र होते. याच सुमारास आंध्र आणि गुजरात येथील एका वेगळ्या लसप्रकल्पाविषयी वाद उठला आणि सरकारने २०१० साली लसीच्या चाचण्या थांबविल्या. ठरलेल्या मात्रा अपुऱ्या राहून सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळाली. या मुलींवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवल्यावर दिसले की, एका मात्रेनेही विषाणूच्या धोकादायक प्रकारांपासून चांगले आणि टिकाऊ संरक्षण मिळते. पुढे आफ्रिकेतील चाचण्यांनीही तेच दाखविले, आणि २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेची पद्धत मान्य केली. ज्या साठ्यात पूर्वी एक मुलगी सुरक्षित होई त्यात आता दोन होतात. टंचाईवरचा एवढा मोठा तोडगा एका अर्धवट राहिलेल्या चाचणीने दिला, आणि त्यासाठी ज्या मुलींनी पुनःपुन्हा तपासणीस येण्याचे कष्ट घेतले त्या आपल्याच देशातील खेड्यापाड्यांच्या होत्या. पुण्यात तयार होणाऱ्या सर्वाव्हॅक या लसीला २०२२ साली परवाना मिळाला. वस्तूची टंचाईही त्यामुळे कमी होत चालली आहे.

मग या सर्वाचे ऋण कोणाकडे निघते? जगातील अनेक देशांनी धाराशिवच्या आकड्यांवरून आपल्या स्त्रियांसाठी तपासणीची पद्धत निवडली. ज्यांच्यामुळे हे आकडे मिळाले त्या स्त्रियांचे तेव्हाचे वय ३० ते ५९ होते. आज त्यांतली सर्वांत धाकटी पन्नाशी ओलांडून गेली आहे. त्यांच्या मुली आणि सुना आता त्या वयात आल्या आहेत. त्यांच्यापर्यंत ही तपासणी पोहोचविणे हा उपकार नव्हे, ती परतफेड आहे.

ती करण्यास काय लागेल? शासकीय वैद्यकीय महाविद्यालय धाराशिवला आता झाले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत, उपकेंद्रे आहेत, प्रत्येक गावात आशा कार्यकर्ती आहे. बोलावल्यावर पाचांतल्या चार स्त्रिया येतात, हे याच जिल्ह्याने सिद्ध केले आहे. विषाणूची तपासणी महाग आहे हे खरे, आणि सर्व गावांना एकदम देता येणार नाही असेही होईल. तसे झाले तर क्रम लावावा लागेल, आणि क्रम लावण्यात काही पाप नाही. मात्र तो क्रम पुढाऱ्याच्या गावावरून किंवा डांबरी सडकेवरून लागू नये. तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेला असावा, म्हणजे आपला नंबर कधी आणि का, हे ज्याला त्याला वाचता येईल. आणि यादीत पहिली नावे लिहावयाची झाली तर १९९९ साली ज्या गावांच्या वाट्याला काहीच आले नव्हते, त्या गावांची लिहावीत.